तिकडे लढून आलेल्या आपल्या माणसाचं इकडचा कायदा काय करतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आयसिसकडे सीरियाला गेलेल्या शमीमा बेगमचं नागरिकत्व ब्रिटनने काढून घेतलं आणि विषय संपवला. आपल्याकडे कल्याणहून इराकला जाऊन आयसिसमध्ये गेलेला मुलगा परत येतो, केस चालते, आणि सहा वर्षांनी जामिनावर घरी जातो. आपला कायदाच ढिला आहे का? असल्या लोकांचं नागरिकत्व रद्द का करत नाहीत?"

मी मुंबईत फौजदारी वकिली करतो, बावीस वर्षं झाली. यूएपीएच्या, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याच्या, केसेस बचाव पक्षाकडून केल्यात, म्हणजे माझा कल कुठे असणार हे धरूनच वाचा. कल्याणच्या केसशी माझा काही संबंध नव्हता, तिच्याबद्दल जे लिहितोय ते कोर्टाच्या निकालावरून आणि जाहीर झालेल्या माहितीवरून.

कायदा ढिला नाहीये हो. उलट इतका कडक आहे की त्यात माणूस आत गेला की बाहेर येणं हीच मोठी लढाई असते. अडतं ते पुराव्यापाशी. इराकमधल्या मोसुल किंवा सीरियातल्या रक्कामध्ये २०१४ साली एका माणसाने नक्की काय केलं हे काळा घोड्याजवळच्या सेशन्स कोर्टात, साक्षीदार उभे करून, कसं सिद्ध करणार? सगळा घोळ या एका प्रश्नात आहे, आणि नागरिकत्व काढून घेतल्याने त्याचं उत्तर मिळत नाही.

तरी आधी नागरिकत्वाचं बघू, कारण लोकांचा राग तिथेच असतो. आपल्या नागरिकत्व कायद्यात, म्हणजे १९५५ च्या, नागरिकत्व जायचे तीन रस्ते आहेत. कलम ८, स्वतः सोडणं, त्याला रीतसर अर्ज आणि नोंदणी लागते. कलम ९, स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की आपलं आपोआप जातं. आणि कलम १०, सरकारने काढून घेणं, पण ते मुख्यतः ज्यांनी अर्ज करून नागरिकत्व मिळवलंय त्यांच्यासाठी. जो इथे जन्माने नागरिक आहे त्याचं नागरिकत्व सरकार शिक्षा म्हणून काढू शकत नाही, त्याने काहीही केलेलं असो. मला एकदा एका शिकाऊ वकिलाने विचारलं होतं की सर, तो तर कॅमेऱ्यासमोर पासपोर्ट जाळून म्हणाला की मी आता खिलाफतचा नागरिक, मग कलम ९ लागेल ना? नाही लागत. आयसिस हा देशच नाही, त्याला कोणी मान्यता दिली नव्हती, मग त्याचं "नागरिकत्व" घेतलं हे मान्य करायचं म्हणजे तो देश होता हे आधी मान्य करायचं. पासपोर्ट जाळला तर जळलेल्या पासपोर्टची केस होईल, नागरिकत्व जागेवर राहतं. (परदेशात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट: मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड हे नागरिकत्व नव्हे, ते कलम ७ड खाली सरकार रद्द करू शकतं, आणि त्याची कारणं बरीच सैल आहेत.)

ब्रिटनचं गणित वेगळं होतं. तिथे दुहेरी नागरिकत्व चालतं, आणि शमीमाच्या बाबतीत सरकारचं म्हणणं असं होतं की आईबापांमुळे ती बांगलादेशची पण नागरिक आहे, म्हणून ती कुठल्याच देशाची उरत नाही असं होत नाही. बांगलादेशने लगेच हात वर केले की ती आमची नाही. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व मुळातच नाही, त्यामुळे काढलं की तो माणूस कुठलाच उरत नाही. आणि "विषय संपवला" म्हणताय, तर तो किती संपला ते पण बघा. पंधरा वर्षांची मुलगी फेब्रुवारी २०१५ मध्ये लंडनहून निघाली, २०१९ मध्ये नागरिकत्व काढलं, मग २०२१ मध्ये सुप्रीम कोर्ट, २०२३ मध्ये इमिग्रेशन अपिलांचा विशेष आयोग, फेब्रुवारी २०२४ मध्ये कोर्ट ऑफ अपील, ऑगस्ट २०२४ मध्ये परत सुप्रीम कोर्टाने परवानगी नाकारली. साडेपाच वर्षं वकिलांच्या फिया आणि या सगळ्यात तिने सीरियात काय केलं यावर एका दिवसाचा खटला नाही. निर्दोष सुटली नाही आणि दोषी पण ठरली नाही, कुठल्यातरी कुर्दी पहाऱ्यातल्या कॅम्पमध्ये पडून राहिली. माझ्या मते याला प्रश्न सोडवणं म्हणत नाहीत, शेजाऱ्याच्या अंगणात कचरा टाकणं म्हणतात. सुरक्षेवाल्यांचं म्हणणं वेगळं असेल, आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही.

आता आपल्याकडे लागतं काय. एक म्हणजे यूएपीए, १९६७ चा, पण दहशतवादाची कलमं नंतर २००४ आणि २००८ मध्ये आली. याच्या पहिल्याच कलमात लिहिलंय की भारताच्या बाहेर असलेल्या भारतीय नागरिकालाही हा कायदा लागू. मग कलम १८ कट आणि तयारी, १८अ ट्रेनिंग कॅम्प, १८ब भरती, २० सभासदत्व ज्यात जन्मठेपेपर्यंत जाता येतं, ३८ आणि ३९ संघटनेशी संबंध आणि मदत, दहा वर्षांपर्यंत. सप्टेंबर २०१४ मध्ये युनोच्या सुरक्षा परिषदेने ठराव २१७८ करून सगळ्या देशांना सांगितलं की अशा कामासाठी प्रवास करणं हाच गुन्हा करा. आपण वेगळं "प्रवासाचं" कलम केलं नाही, कट आणि सभासदत्वाच्या कलमांवरच भागवतो, म्हणून विमानतळावर अडवलेल्या मुलांवर पण १८ आणि ३८ लागलेलं दिसतं.

दुसरं कलम मला स्वतःला फार मजेशीर वाटतं, जुन्या आयपीसीचं, म्हणजे भारतीय दंड संहितेचं, १२५. इंग्रजांनी लिहिलेलं. भारत सरकारशी मैत्री किंवा शांतता असलेल्या "एशियाटिक पॉवर" विरुद्ध युद्ध पुकारलं तर शिक्षा, जन्मठेपेपर्यंत. दीडशे वर्षं ते पुस्तकात धूळ खात पडलं होतं, आमच्या पिढीच्या कोणी वापरलेलं पाहिलं नव्हतं, आणि मग इराक-सीरियामुळे एकदम बाहेर निघालं. शब्द बघा, एशियाटिक. म्हणजे इराकच्या सरकारशी लढला तर गुन्हा, पण तोच पोरगा लिबियात जाऊन लढला असता तर हे कलम लागलंच नसतं, लिबिया आफ्रिकेत. नव्या भारतीय न्याय संहितेत ते कलम १५३ झालं आणि तिथे "कोणतंही परदेशी राज्य" असं केलं, ती भेग बुजली. पण नवी संहिता १ जुलै २०२४ पासून, त्याआधीच्या कृत्यांना जुनंच कलम, संविधानाच्या कलम २०(१) मुळे मागे जाऊन नवा गुन्हा लावता येत नाही. बारीक वाटतं पण आम्ही वकील यावरच जगतो. असाच दुसरा मुद्दा तारखेचा: आयसिसचं नाव यूएपीएच्या यादीत फेब्रुवारी २०१५ मध्ये घातलं गेलं, मग जो मे २०१४ मध्ये गेला आणि नोव्हेंबरमध्ये परतला त्याने "बंदी असलेल्या संघटनेचा" सभासद होण्याचा गुन्हा केला का? सरकारी वकील म्हणू शकतात की युनोच्या यादीतल्या संघटना एका जुन्या नोंदीने आधीच आपल्या यादीत येतात. यावर दोन्हीकडून दोन दिवस आर्ग्युमेंट होऊ शकतं.

मग परवानगी. गुन्हा देशाबाहेर झाला असेल तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) १८८, आता नव्या संहितेचं (बीएनएसएस) २०८, खटल्याला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी हवी. ही कुठल्या टप्प्यावर हवी हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये ठरवलं, तपासाला नको, पण कोर्टाने गुन्ह्याची दखल घेतल्यानंतर खटला पुढे न्यायला हवी. गंमत म्हणजे ती केस दहशतवादाची नव्हतीच, आंध्रच्या एका जोडप्याच्या नवरा-बायकोच्या भांडणाची होती जे बोत्सवानात राहत होते. यूएपीएची कलम ४५ ची सँक्शन, म्हणजे खटल्याला सरकारची मंजुरी, याशिवाय वेगळी. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एनआयएला, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेला, परदेशात घडलेल्या गुन्ह्याचा तपास करायचा अधिकार पण मिळाला. म्हणजे कागदावर काही कमी नाही.

आता पुरावा.

समजा मुलगा परत आला आणि त्याने चौकशीत सगळं सांगितलं, बंदूक चालवली, अमुक ठिकाणी लढलो, गोळी लागली. पेपरात दुसऱ्या दिवशी हे सगळं छापून येतं आणि लोकांना वाटतं केस झाली. कोर्टात त्याची किंमत शून्याच्या जवळ. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, जुन्या पुरावा कायद्याचं कलम २५, आता नव्या साक्ष अधिनियमाचं २३. टाडा आणि पोटा या आधीच्या दहशतवादविरोधी कायद्यांमध्ये बड्या पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब चालायचा, यूएपीएमध्ये ती सोय ठेवलेली नाही, आणि टाडाचा अनुभव बघता बरंच झालं. मॅजिस्ट्रेटसमोर दिला तर चालतो, पण तोपर्यंत बहुतेकांना वकील भेटलेला असतो.

मग यूएपीएत एक कलम आहे ४३ई, आरोपीकडे हत्यार किंवा स्फोटकं सापडली, किंवा घटनास्थळी त्याच्या बोटांचे ठसे मिळाले, तर कोर्ट त्याच्याविरुद्ध गृहीत धरतं. इथल्या स्फोटांच्या केसमध्ये याने सरकारचं अर्धं काम होतं. पण हत्यार राहिलं रक्काच्या ढिगाऱ्यात, पंचनामा कोण करणार आणि पंच कुठून आणणार?

राहिलं मोबाईल आणि इंटरनेट. फोटो, चॅट, ईमेल. इथे प्रमाणपत्राचं लफडं येतं, जुनं ६५ब, आता ६३. इलेक्ट्रॉनिक पुराव्याची कॉपी द्यायची तर ज्याच्या ताब्यात ते मशीन होतं त्याचं सर्टिफिकेट लागतंच, हे सुप्रीम कोर्टाने जुलै २०२० मध्ये पक्कं केलं, आणि ते सुद्धा आपल्याच जालन्याच्या निवडणुकीच्या केसमध्ये, खोतकर विरुद्ध गोरंट्याल. विधानसभेचा फॉर्म किती वाजता भरला याच्या सीसीटीव्हीवरून झालेल्या भांडणाचा निकाल आज दहशतवादाच्या प्रत्येक खटल्यात वाचला जातो. कंपनी अमेरिकेत असेल तर तिकडे विनंतीपत्र जातं, उत्तर यायला किती वेळ लागेल त्याचा भरवसा नाही, आणि युद्ध चालू असलेल्या देशातून मागितलं तर पत्र पोचलं की नाही हेच कळत नाही.

त्यामुळे सरकारी वकिलांच्या हातात शेवटी उरतं काय? पासपोर्टवरचे शिक्के, व्हिसा, ट्रॅव्हल एजंट, सोबत गेलेले लोक, घरी आलेले फोन, बँकेचं स्टेटमेंट, इथे असताना केलेलं बोलणं. म्हणजे "गेला" हे सिद्ध होतं, "का गेला" हे बऱ्यापैकी सिद्ध होतं, आणि "तिथे काय केलं" तिथे येऊन गाडी थांबते. म्हणूनच सभासदत्वाची कलमं एवढी महत्त्वाची. मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने २०११ चा आपलाच निकाल फिरवून सांगितलं की बंदी असलेल्या संघटनेचं नुसतं सभासद असणं पण गुन्हा ठरू शकतं, हिंसा केलीच पाहिजे असं नाही. तो निकाल यूएपीएच्या बेकायदा संघटनांच्या कलम १० वर आहे, आणि कलम ३८ मध्ये संघटनेचं काम पुढे नेण्याचा हेतू हे शब्द अजून आहेत, त्यामुळे बचावाला जागा शिल्लक आहे, पण वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते कळतं.

शिक्षा होतच नाही असं नाही. केरळचा एक माणूस २०१५ मध्ये मोसुलला गेला, काही महिन्यांत परत आला, २०१६ मध्ये पकडला गेला आणि सप्टेंबर २०२० मध्ये कोचीच्या एनआयए कोर्टाने त्याला जन्मठेप दिली, त्यात ते धुळीतलं कलम १२५ पण होतं. अपिलात काय टिकतं हा नेहमीच वेगळा विषय असतो, पण खालच्या कोर्टात सिद्ध करता आलं हे खरं.

तुलनेला जर्मनी घ्या. एक जर्मन बाई आणि तिचा इराकी नवरा, दोघं आयसिसमध्ये, घरात इराकमधल्या अल्पसंख्याक यझिदी समाजातली एक बाई आणि तिची पाच वर्षांची मुलगी गुलाम म्हणून. २०१५ मध्ये फलुजात त्याने त्या पोरीला भर उन्हात साखळीने बांधून ठेवलं, ती मेली. जर्मनीने त्या बाईचं नागरिकत्व काढलं नाही, खटला चालवला. मुलीची आई जिवंत होती, ती साक्षीला उभी राहिली. नवऱ्याला नोव्हेंबर २०२१ मध्ये फ्रँकफर्टमध्ये नरसंहारासाठी जन्मठेप, बायकोला म्युनिकमध्ये दहा वर्षं, जी नंतर वाढून चौदा झाली. आपल्याकडे असा खटला होऊच शकत नाही, कारण नरसंहार किंवा मानवतेविरुद्धचे गुन्हे हे आपल्या कायद्यात वेगळे गुन्हे म्हणून नाहीतच. दिल्ली हायकोर्टाने डिसेंबर २०१८ मध्ये, १९८४ च्या दंगलीच्या केसमध्ये, हीच उणीव बोलून दाखवली होती. त्यामुळे आपल्याकडे आरोपपत्रात भारताची सुरक्षा असते, इराकच्या सरकारशी युद्ध असतं, पण ज्या माणसांवर अत्याचार झाले ती माणसं कुठे नसतात. कायद्यातला ढिलेपणा शोधायचाच असेल तर मी इथे बोट ठेवीन.

आता कल्याणचा जामीन. चार मुलं मे २०१४ मध्ये यात्रेच्या टूरसोबत इराकला गेली, त्यातला एक नोव्हेंबर २०१४ अखेर तुर्कस्तानमार्गे मुंबईत उतरला आणि अटक झाला. यूएपीए ४३ड(५) असं सांगतं की आरोप सकृतदर्शनी खरा वाटत असेल तर जामीन द्यायचाच नाही, आणि सकृतदर्शनी म्हणजे चार्जशीट वाचून, उलटतपासणी न घेता. याच्यातून माणूस सहसा सुटत नाही. मार्च २०२० मध्ये विशेष कोर्टाने जामीन दिला, एनआयए हायकोर्टात गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाने काय केलं ते नीट बघा, कारण बातम्यांत हे हरवलं: पुराव्यावरून खालच्या कोर्टाने जे मत दिलं होतं ते हायकोर्टाने बाजूला सारलं, पण जामीन कायम ठेवला, कारण सहा वर्षांहून जास्त काळ माणूस कच्च्या कैदेत आणि शंभरावर साक्षीदार तपासायचे बाकी. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला सुप्रीम कोर्टाने नजीब केसमध्ये सांगितलं होतं की खटला लवकर संपायची आशा नसेल तर ४३ड(५) असूनही संविधानिक कोर्टं, म्हणजे हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्ट, जामीन देऊ शकतात. अटी होत्याच, हमी, हजेरी वगैरे. म्हणजे कायदा हरला म्हणून तो बाहेर आला असं नाही, खटला संपत नाही म्हणून आला. याच्यासाठी चिडायचं असेल तर तारखांवर चिडा. मी अशा केसमध्ये एकाच पंचासाठी चार तारखा गेलेल्या पाहिल्यात, कधी पंच गावाला, कधी आरोपीला आणायला एस्कॉर्ट नाही, कधी आम्ही वकीलच दुसऱ्या कोर्टात अडकलेलो, खोटं कशाला बोलू.

परिस्थितीवर अवलंबून काय काय असतं? जवळपास सगळंच. निघायच्या आधी पकडला की पोचून परतला, स्वतः आला की कुठल्या देशाने धरून पाठवला, वय काय. अठराच्या आतला असेल तर बाल न्याय मंडळ, सगळा रस्ताच बदलतो. डिसेंबर २०१५ मध्ये पुण्यातली सोळा वर्षांची एक मुलगी ऑनलाइन या नादाला लागली होती, एटीएसने केस करण्यापेक्षा तिला घरच्यांसोबत बसवून समुपदेशन केलं, मौलवींची मदत घेतली. महाराष्ट्र एटीएसने असं बऱ्याच मुलांच्या बाबतीत केलंय आणि बचावाचा वकील असून मी त्यांचं यासाठी कौतुक करतो.

सगळ्यात अवघड बायका आणि लेकरं. केरळच्या कासरगोडकडून २०१६ मध्ये अफगाणिस्तानात गेलेल्यांपैकी काही बायका, नवरे मारले गेल्यावर, २०१९ मध्ये तिथल्या सरकारला शरण आल्या आणि मुलांसकट काबूलच्या तुरुंगात राहिल्या. एका मुलीचे वडील सुप्रीम कोर्टात आले, नातीला तरी आणा म्हणून. जानेवारी २०२२ मध्ये कोर्टाने केंद्राला आठ आठवड्यांत निर्णय घ्यायला सांगितलं, पण तोवर तालिबान येऊन तुरुंग उघडले गेले होते. बघा, नागरिकत्व कोणाचंच काढलं नाही, फक्त आणायला कोणी गेलं नाही. कायद्याच्या पुस्तकात याला कलम नाही.

कोणीतरी रशियाच्या सैन्यात गेलेल्या आपल्या पोरांचं विचारेल म्हणून सांगून टाकतो, तो मामला वेगळा. ते एका देशाचं सैन्य, बंदी असलेली संघटना नव्हे, आणि बरेच जण नोकरीच्या नावाखाली फसवून नेलेले, सीबीआयने मार्च २०२४ मध्ये केस केली ती एजंटांवर.

शेवटचं, वाचणाऱ्यांत कोणाच्या घरात खरंच असं काही घडत असेल तर. फोन फॉरमॅट करू नका, चॅट उडवू नका, पुरावा नष्ट केल्याचं वेगळं लागतं आणि कित्येकदा त्याच चॅटमध्ये "मला परत यायचंय" असतं जे नंतर पोराच्या कामाचं ठरतं. तिकडे पैसे पाठवू नका, तिकिटासाठी म्हणाला तरी, कलम १७ मध्ये अडकाल. आणि आला तर लपवू नका. कलम १९ प्रमाणे आसरा देणं गुन्हा आहे, कमीत कमी तीन वर्षं, आणि त्यात सूट फक्त नवरा-बायकोला आहे, आईबापांना नाही. माझ्याकडे एक वडील आले होते, प्लास्टिकच्या पिशवीत पासपोर्टच्या झेरॉक्स घेऊन, तासभर बोलले आणि उठताना म्हणाले, साहेब, तो येतो म्हणतोय, पण मी बोलवलं तर मीच त्याला जेलात टाकल्यासारखं होईल. मी त्यांना सांगितलं की बोलवा, पण आधी मला सांगा कुठल्या फ्लाइटने येतोय, म्हणजे मी एअरपोर्टवर वकीलपत्र घेऊन उभा राहीन.